खड्ड्यातलं झाड

खासबागेतल्या आमच्या पुढच्या खोलीत
मागाचा खड्डा अजून तसाच आहे,
पाय सोडून बसणाऱ्याच्या मापाचा.
माग भंगारात गेला, पावड्या बंबात गेल्या,
फणी मी ठेवून घेतली, कशाला ते विचारू नका.
खड्डा तेवढा कुणाला विकता आला नाही.

त्यात आता इनासने दिलेला झाडनेचा उभा आहे.

इनास कॅम्पातल्या एका बंगल्याचा माळी.
बंगला पाडायला काढला तेव्हा
रंगाच्या डब्यातलं हे झाड
सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधून घेऊन आला.
म्हणाला, "बाई, ह्याला कडक ऊन नको, वारं नको,
पंखा तर नकोच.
नुसतं बुडात पाणी ओतू नका,
खोडावर घाला, डोक्यावरनं.
ह्याची मुळं अंगावरच असतात."
म्हटलं, मग हे आमच्यातलंच.

बरंच सांगितलं त्याने. मला नवं काही वाटलं नाही.
फाल्गुनात उगवतीचा कोरडा वारा सुटला
की मामंजी पहाटे उठून खोलीभर पाणी शिंपडायचे,
दाराच्या फटीत ओली पोती कोंबायचे.
सूत सुकलं की तुटतं.
दिवसाला चाळीस गाठी मारायच्या कुणी?
मीच मारायची.
आता तांब्या तोच. पोती बदलली.

दिवाळीनंतर सगळी गल्ली शेकोटीकडे सरकते,
हे मात्र गारठ्यात तरतरीत.
काचेच्या कौलातून पडलेला उन्हाचा चौकोन
फरशीवरून रांगत खड्ड्याच्या काठापर्यंत येतो
आणि तिथनंच मागं फिरतो.

पहिल्या चैत्रात मी आठ दिवस लेकीकडे निपाणीला गेले.
परत आले तर सगळी पानं तपकिरी,
खळ जास्त झालेल्या सुतासारखी कडक.
एकेक करून कापली.
राहिला नुसता बुंधा, केसाळ, माकडाच्या हातासारखा.
तरी पाणी घालत राहिले.
गेलेल्याला पाणी द्यायचं आपल्याकडे नवीन नाही.

दीड महिन्याने
शेंड्यात तपकिरी लोकर पांघरलेली एक मूठ दिसली.
मी आयुष्यभर कांड्या भरल्या,
गुंडाळलेलं काय असतं ते मला कळतं.
इथं कुणीतरी रहाट उलटा फिरवत होतं,
हळू,
दिवसाला बोटभर.

गंगव्वा कुंपणावरून विचारते, "हूव बिडतैतेनवा?"
इल्ल, म्हणते मी. फूल नाही, फळ नाही,
पूजेला उपयोग नाही, भाजीला नाही.
ती हसते. "मग कशाला गं?"
फणीसारखंच ते. तिलाही विचारू नको म्हटलं.

पानांच्या पाठीवर तांबूस ठिपके उठले
तेव्हा तिचा बसू औषधाचा पंप घेऊन हजर.
"कीड हाय काकू, मारू काय?"
थांब रे. जवळ ये. चष्मा लाव.
प्रत्येक पात्याच्या शिरेलगत दोन ओळी,
दोन्हीत अंतर सारखं.
कीड अशी रांगेत बसत नाही.

मग आला विरूपाक्ष, माझा मुलगा,
उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून, दोन पोती सिमेंट घेऊन.
खड्डा बुजवायचा, वर फरशी, वर त्याची स्कूटर.
टेप काढून त्याने पानांचा घेर मोजला:
साडेपाच फूट. पुन्हा मोजला.
"हलवायचं कसं हे?"
मी काही बोलले नाही, डाळ निवडत होते.
तो काठावर बसला, खड्ड्यात पाय सोडून,
एक पान त्याच्या खांद्यावर.
बोलता बोलता त्याचे पाय
खाली काहीतरी चाचपत होते,
आधी डावा, मग उजवा, मग डावा.
त्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

एक पोतं न्हाणीच्या पायरीला लागलं.
दुसरं खोलीच्या ओलीने दगड झालंय.
त्यावर मी तांब्या ठेवते.